नंबर मनातून काढा

चष्मा हा डोळ्यांचा नसून मनाचा आजार आहे, हे ज्यांना अजून कळलेलं नाही त्यांनी घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी डोकावावं. आमच्याकडे गेल्याच रविवारी ‘मनःशक्तीतून चष्मामुक्ती’ हे शिबिर पार पडलं. टँकर, लिफ्ट आणि पार्किंग हे किरकोळ प्रश्न सुटले असल्यामुळे कमिटीने आता सभासदांचे डोळे हाती घेतलेत. तुमच्याकडेही हे शिबिर घेणारे सर येतीलच. तेव्हा थोडी पूर्वतयारी असू द्या.

आधी चष्मा काढा आणि परातीत ठेवा. आमच्याकडे खरोखरच परात फिरवली होती, स्टीलची, कडेला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. आत सगळे काळ्या फ्रेमचे चष्मे, कारण हल्ली सगळ्यांचा सेल एकच. शिबिर संपल्यावर परात परत फिरली तेव्हा लक्षात आलं की आपला चष्मा ओळखायचा तर आधी डोळ्यांवर चष्मा लागतो. मी कुणाच्या तरी प्लस अडीचमधून बघत, कठड्याला धरून घरी आलो. माझा मायनस साडेचारचा अजून ग्रुपवर फोटो टाकून शोधतोय. आतापर्यंत त्याला सतरा नमस्कार आणि एक ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ मिळाल्यात.

मग तळवे चोळा, बंद डोळ्यांवर ठेवा आणि काळाकुट्ट काळोख बघा. सर याला आपली प्राचीन विद्या म्हणतात. हे जसंच्या तसं न्यूयॉर्कच्या विल्यम बेट्स नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने 1920 साली पुस्तकात लिहिलंय, पण न्यूयॉर्कसुद्धा प्राचीनच म्हणायचं. बेट्सचं म्हणणं असं की जवळचं-लांबचं बघताना डोळ्यातल्या भिंगाचं काही काम नसतं. मनावर ताण आला की बाहेरचे स्नायू डोळ्याचा गोळा आवळतात आणि नंबर लागतो. म्हणजे तुमचा मायनस तीन हा सासूबाईंचा. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 24 मिलिमीटर लांब असतो, तुमचा एखादा मिलिमीटर जास्त भरला म्हणून लांबचं धूसर दिसतं, असं डॉक्टर सांगतील. ऐकू नका. त्या मिलिमीटरशी रोज रात्री झोपताना प्रेमाने बोला.

चाळिशीनंतर ज्यांचं भिंग कडक झालंय त्यांनी भिंगाला माफ करावं.

सकाळी सूर्याकडे टक लावा. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे भाजला तरी शिबिरात व्यत्यय नाही.

सगळ्यात हमखास उपाय म्हणजे तक्ता पाठ करणं. स्नेलेन या डोळ्यांच्या डच डॉक्टरने 1862 साली अक्षरांचा तक्ता केला तो काय उगीच? सरांनी एकच तक्ता सुरुवातीला आणि शेवटी वाचून घेतला. मधले दोन तास तो समोरच टांगलेला होता. शेवटी सगळ्यांना एकेक ओळ जास्त वाचता आली आणि टाळ्यांनी हॉल दणाणला. इंग्रज लेखक ऑल्डस हक्स्लीसुद्धा बेट्सच्याच पंथातला. 1952 साली तो चष्म्याशिवाय कागद धरून झकास भाषण करत होता. मध्येच अडखळला, कागद नाकाला लावला, तरी जमेना, मग खिशातून भिंग काढलं. भाषण पाठ होतं, हे तेव्हा श्रोत्यांना कळलं. बेनेट सर्फ या प्रकाशकाने हे लिहून ठेवलंय.

ठाणे स्टेशनला चष्मा घालू नका. इंडिकेटरवरचं बदलापूरचं ‘बीएल’ हे ‘टीएल’ दिसलं तर टिटवाळ्याला जा, बदलापूरला काय आहे?

आणि ड्रॉप्स बंद करा. हे सरांचं खास. आमच्या मजल्यावरच्या काकांना काचबिंदू आहे. सर म्हणाले, “काचबिंदू, मोतीबिंदू, सगळे बिंदू मनात. ड्रॉप्स घालता म्हणजे भीतीला खाऊ घालता.” काकांनी त्याच रात्रीपासून बाटली बंद केली. वर तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली म्हणून त्यांचा सत्कारही झाला. अहो, काचबिंदूत समोरचं बरेच दिवस नीटच दिसतं! डोळ्यातला दाब मागची नस खात जातो, नजर कडेने विझत येते, आणि माणसाला पत्ता लागत नाही. ड्रॉप्स त्या दाबासाठी असतात. गेलेली नजर परत येत नाही, ड्रॉप्सने नाही, ऑपरेशनने नाही आणि सरांच्या पुढच्या लेव्हलच्या अकरा हजारांत तर अजिबात नाही. काकांना बाजूने आलेली रिक्षा आधीच दिसत नाही. काकू हात धरून रस्ता ओलांडून नेतात, आणि हा माणूस माइक हातात घेऊन सांगतो की घाबरू नका!

बस झाली मार्गदर्शिका. सर, तुम्हाला काचबिंदू म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि विचारायची लाजही नाही. मन शांत झालं, डोक्याचा ताण उतरला, तर छानच, त्याचे पैसे घ्या. औषधाच्या बाटलीला हात लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आणि टाळ्या वाजवणारे आपण सगळे शिकले-सवरलेले. पाचवीतल्या पोराचा चष्मा काढून घेऊन त्याला ‘बघ, मनाने बघ’ म्हणणारे आईबाप तिथे होते. तो सोमवारी फळ्यावरचं काय बघणार होता? काका, आज संध्याकाळी ड्रॉप्स घाला आणि या आठवड्यात दाब मोजून घ्या, मी गाडी काढतो. कमिटीला पोरांच्या डोळ्यांचा खरंच एवढा कळवळा असेल तर ऐका. रोज उघड्यावर, उजेडात खेळणाऱ्या मुलांना नंबर लागायची शक्यता कमी होते, हे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. तेव्हा क्लबहाउस पुढच्या रविवारी कुणाला देताय ते नंतर बघू. आधी खाली गाड्यांसमोर लावलेली ‘येथे मुलांनी खेळू नये’ ही पाटी उतरवा.