किती पाउंड मारू, मास्तर?

आमच्या घरातला कॉम्प्युटर तसा माझा आहे, म्हणजे पावती माझ्या नावाची आहे. बाकी तो गावाचा. मारुतीच्या पारावरचा भोंगा जसा गावाचा असतो, तसाच. दर्यापूरकडचा आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणीच खारट, त्यामुळे निदान माणसांनी तरी गोड राहावं असा इथला रिवाज. दारात आलेल्याला चहा नाही म्हणता येत नाही आणि हातात पेनड्राइव्ह घेऊन आलेल्याला कॉम्प्युटर नाही म्हणता येत नाही. सातबारा काढायचा, पीकविम्याचा फॉर्म भरायचा, कोणाच्या पोट्टीचं हॉल तिकीट, कोणाच्या साळ्याच्या लग्नाची शूटिंग. 'मास्तर हायेत का घरी?' असं अंगणातून कोणी विचारलं, तर ते काम माझ्याकडे नसून कॉम्प्युटरकडे आहे हे मी ओळखून असतो.

मशीन 2013 सालचं. विंडोज सेव्हन, दोन जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क. सुरुवातीला असा पळायचा की काय सांगावं. मग हळूहळू बसत गेला. शेवटी आमच्या घरी त्याचा वेग कुकरवर मोजायला लागले. बायको डाळ लावते तेव्हा मी बटन दाबतो. तिसऱ्या शिट्टीला विंडोजचे चार रंगीत तुकडे एकत्र येतात, वरणाला फोडणी बसते तेव्हा डेस्कटॉप दिसतो. ब्राउझर उघडेपर्यंत माझं जेवण झालेलं असतं आणि सातबारावाला ओट्यावर घोरत असतो.

गावात निदानाला तोटा नाही. 'व्होल्टेज कमी पडते त्याले' हे एक मत. 'लय भरला असन, थोडा रिकामा करा' हे दुसरं. शेजारच्या बाईंनी तर नजर लागली असं स्पष्टच सांगून मॉनिटरच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची बांधायला आणली होती. ती मी नम्रपणे दाराला बांधली. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीवाल्याकडे नेला की तो न पाहताच 'फॉरमॅट मारू', म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकू, म्हणतो. जसं काही डॉक्टर ताप असो की मुरगळलेला पाय, 'सलाइन लावू' म्हणतात. दोनदा फॉरमॅट मारला. महिनाभर बरा राहिला, मग पुन्हा कुकर.

तेव्हा मी स्वतःच साफसफाई करायची ठरवली. गाडगेबाबांच्या जिल्ह्यातला माणूस मी, खराट्याला काय भ्यायचं? एका रविवारी कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि आधी वाटलं चुकून उशीच उघडली. दिवाळीनंतर आमच्या पुढच्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत कापूस पडलेला असतो, छताला टेकलेला. त्याचे तंतू वर्षानुवर्षं पंख्यानं आत ओढून घेतले होते. प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा असतो, उष्णता बाहेर टाकायला. त्या पात्यांवर कापसाची चांगली पातळ गादी बसली होती. खाली पालीची दोन अंडी, तुरीचे पाच-सहा दाणे आणि माझ्या हरवलेल्या चष्म्याचा स्क्रू. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो, हे मला नंतर कळलं. मे महिन्याच्या दुपारी, खांद्यावर गोधडी घेऊन बसलेला माणूस पळणार तरी कसा?

खराटा आत जात नव्हता. फुंकर मारली तर सगळं माझ्याच डोळ्यांत गेलं. म्हणून कॅबिनेट मोटरसायकलवर पोराच्या मांडीवर देऊन पंक्चरवाल्याकडे नेलं. त्यानं हवेची नळी हातात घेतली, कॅबिनेटच्या भोवती एक चक्कर मारली आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"किती पाउंड मारू, मास्तर?"

"भरायची नाही रे. नुसती मारायची."

"हाव, पन किती? समोरच्याले पंचवीस देतो, मांगच्याले तीस."

"दुरून मार, थोडी थोडी. आणि आधी टाकीतलं पाणी सोड." कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि हवेबरोबर ते शिंतोडे उडतात, एवढी अक्कल मला होती. पंख्याला वारा लागून तो भिंगरीसारखा फिरू नये म्हणून त्याच्या पात्यात पेनाची रिफिल अडकवली. नळी सुटली आणि कॅबिनेटमधून असा पांढरा लोट निघाला की जिनिंगमध्ये उभं असल्यासारखं वाटलं. आठ-दहा माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं खाली पडलेला तंतू चिमटीत धरून ताणून पाहिला आणि म्हणाला, "धागा बरा हाय. पन ओला हाय, भाव नाही भेटणार."

घरी आणून लावलं. आवाज गेला, आधी पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा तो बंद झाला. वेग मात्र तिसऱ्या शिट्टीवरून दुसऱ्या शिट्टीवर आला, एवढंच.

आता आतली सफाई. इथं मी जी माती खाल्ली ती सविस्तर सांगत नाही, पण थोडी सांगतो. एका पानावर लाल अक्षरांत फडफडायला लागलं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 13 व्हायरस आहेत. वेबपानाला माझ्या हार्ड डिस्कच्या आत डोकावता येत नसतं. रस्त्यावरून जाणारा ज्योतिषी अंगणातूनच ओरडून तुमच्या पोटातला मुतखडा सांगतो, त्यातला हा प्रकार. पण मी घाबरलो आणि फुकटचा 'क्लीनर' उतरवला. त्यानं दोन मिनिटांत 1,843 दोष काढले. मोजणी फुकट, दुरुस्तीला पैसे. शंका आली म्हणून फॉरमॅट मारल्या मारल्या, कोऱ्या मशीनवर तोच पुन्हा चालवला, तरी बाराशे दोष! तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की दोष कॉम्प्युटरमध्ये नव्हते, माझ्यात होते.

भीतीपोटी तीन अँटिव्हायरसही टाकून ठेवले होते. एका रानात तीन राखणदार. रात्रभर ते एकमेकांवरच बॅटऱ्या मारत बसले, आणि रानडुक्कर निवांत हरभरा खाऊन गेलं. प्रत्येक जण प्रत्येक फाइल तपासायचा, मग दुसऱ्यानं तपासलेली तिसरा तपासायचा. डिस्क शंभर टक्क्यांवर टेकलेली.

आणि पेनड्राइव्ह! भजनी मंडळाचे काकाजी दर गुरुवारी खंजिरी भजनांचा पेनड्राइव्ह घेऊन यायचे. एकदा उघडला तर भजनांची फोल्डरं गायब आणि प्रत्येकाच्या जागी कोपऱ्यात वाकडा बाण असलेला शॉर्टकट. त्यावर क्लिक केलं की भजनही लागायचं, म्हणून आम्ही खूश. पण त्याच क्लिकसरशी व्हायरसही मागच्या दारानं घरात यायचा आणि पुढच्या माणसाच्या पेनड्राइव्हवर जाऊन बसायचा. खरी फोल्डरं पुसलेली नसतात, फक्त लपवलेली असतात. कॉम्प्युटरला लेखी हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत 'ॲट्रिब' असं लिहून उणे एच, उणे आर, उणे एस वगैरे मंत्र म्हटला की ती परत दिसतात. तो मंत्र मी दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवला होता आणि बायकोनं 'हे कोणतं उधार?' म्हणून त्यावर काट मारली.

दिवाळीत अमरावतीचा भाचा आला. त्यानं दहा मिनिटं माउस हलवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं कृषी सहायक तणात बुडालेल्या वावराकडे पाहतो.

"मामा, उजव्या कोपऱ्यात या जाहिराती येतात, त्या व्हायरसच्या नाहीत. कोणत्या तरी साइटनं 'सूचना पाठवू का' विचारलं आणि तुम्ही हो म्हटलं."

"बाबू, आपल्याकडे कोणी विचारलं तर नाही कसं म्हणायचं?"

"अन् ही 'लग्नपत्रिका' उघडली होती?"

उघडली होती. ती पीडीएफ दिसत होती. भाच्यानं सेटिंगमधली एक खूण बदलली, तशी त्या पत्रिकेमागून 'ईएक्सई' असं शेपूट बाहेर आलं. म्हणजे ती पत्रिका नव्हतीच, क्लिक केल्याबरोबर चालू होणारा प्रोग्राम होता. विंडोज ही शेपटं मुळातच झाकून ठेवतं. मला हे फार लागलं. वऱ्हाडात पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी आडनाव आणि गाव विचारतात. इथं आडनाव लपवून आलेल्या माणसाला मी थेट देवघरात नेऊन बसवलं होतं!

मग तो म्हणाला की मशीन नुसतं घाण नाही, ते मुदतीबाहेरचं आहे. विंडोज सेव्हनला कंपनीकडून दुरुस्त्या मिळणं 14 जानेवारी 2020 लाच थांबलं. मला काही कळेना. शेवटी त्यानं बाजूच्या वावराकडे बोट दाखवलं. "मामा, तुम्ही फरदड घेता का?"

आता हे मला कळलं. हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून पाणी देत राहायचं, चार बोंडं जास्त मिळतात म्हणून. आणि त्याच उभ्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळीला पुढच्या वर्षापर्यंत घर मिळतं. बीटी बियाणं 2002 मध्ये आलं तेव्हा वाटलं होतं, अळीचा विषयच मिटला. अळी गप्प बसली नाही, शिकत गेली. 2017 च्या हंगामात तिनं विदर्भात बोंडं पोखरली ती बीटीचीच. म्हणजे अँटिव्हायरस एकदा टाकला की झालं, असं नसतं. रोज नवी अळी, रोज नवी दुरुस्ती. आणि माझ्या पुढच्या खोलीत सेव्हनची फरदड इतकी वर्षं उभी होती, गावातल्या सगळ्या अळ्यांना चहापाणी करत.

"मग विंडोज दहा टाक."

"त्याचीही मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. अन् अकरा या मशीनला जवळ येऊ देत नाही. फेरपालट करा मामा."

फेरपालट म्हणजे विंडोजच्या जागी लिनक्स, कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली. 1991 साली फिनलंडच्या एका विद्यार्थ्यानं सुरू केलेलं, फुकट. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी तुरीवर जगत नाही, तसं विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस याच्यावर चालत नाहीत. पण बँकेचा ओटीपी मी स्वतः फोनवर सांगितला तर लिनक्सचा बापही वाचवणार नाही, हे त्यानं मला तीनदा म्हणायला लावलं. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली, रॅम चार जीबी केली. आधी माझे फोटो आणि शाळेच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. शेवटी कॅबिनेटवर लिनक्सची खूण म्हणून पेंग्विनचं स्टिकर चिकटवून तो गेला. दुसऱ्या दिवशी बटन दाबून मी डाळीकडे पाहिलं, तर डाळ अजून निवडणंच सुरू होतं आणि कॉम्प्युटर तयार. बायको म्हणाली, "आता सैपाक कायच्यावर मोजायचा?"

मी ठरवलं, आता नाही म्हणायचं. परक्याचा पेनड्राइव्ह या घरात लागणार नाही. आरशासमोर उभा राहून दोनदा म्हणूनही पाहिलं.

गुरुवारी काकाजी आले. खिशातून पेनड्राइव्ह काढला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं त्यांच्यासमोर चहा ठेवला. झालं. पेनड्राइव्ह लागला. पण या वेळी गंमत झाली. लपवलेली फोल्डरं आपोआप उघडी दिसली, कारण विंडोजची ती 'लपवा' खूण इथं कोणी जुमानतच नाही. आणि बाणवाले शॉर्टकट मेलेल्या किड्यांसारखे बाजूला पडलेले. मी ते एकेक वेचून पुसले.

काकाजींनी चष्मा सरसावला. "भजनं तं नाही ना गेली?"

"सगळी आहेत काकाजी. नुसते किडे गेले."

"अन् हे बदक कायचं?"

मी थोडक्यात सांगितलं. थोडक्यातच सांगायचं होतं, पण कौतुकानं ऐकणारा माणूस समोर असला की मास्तराची जीभ तासभर चालते. काकाजी मान डोलावत उठले आणि पारावर गेले.

शुक्रवारी सकाळी सहाला अंगणात खोकल्याचा आवाज आला. दार उघडलं तर ओट्यावर सात माणसं ओळीनं बसलेली. प्रत्येकाच्या मुठीत पेनड्राइव्ह, एकाच्या रुमालात तर तीन बांधलेले. पहिला उठून उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला,

"मास्तर, बदकवाल्याले दाखवाचं होतं. केसपेपर काढा लागते का?"