जावईबापू, प्लॅस्टिकचं काय ओ हे?

आमच्या टिळकवाडीतल्या घरात, पूर्वेच्या खिडकीत ठेवलेल्या एका झाडाच्या पानावर सध्या नखाची खूण आहे आणि ते नख माझ्या मामेसासऱ्यांचे आहे. झाड हॉवर्थिया, बाजारात त्याला झेब्रा प्लांट म्हणतात. उंची वीतभरही नाही; टोकदार, गडद हिरवी पाने दाटीने गोलाकार बसलेली आणि प्रत्येक पानाच्या पाठीवर पांढऱ्या खरखरीत ठिपक्यांचे आडवे पट्टे. हे झाड अतिशय सावकाश वाढते, एकेक पान दीर्घकाळ टिकवते, आणि पानाला झालेली जखम सुकली तरी तिचा वण जात नाही. म्हणजे पान गळेपर्यंत मामांची सही माझ्या खिडकीत राहणार.

मामा खानापूर तालुक्यातले. जमिनीचा उतारा काढण्यासाठी ऐन आषाढात बेळगावला आले, कचेरीत ‘उद्या या’ असे ऐकले आणि तिथला राग घेऊन आमच्याकडे जेवायला आले. ओली छत्री दारात उभी करून ते नेमके खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. चहा येईपर्यंत हाताला काही तरी चाळा हवाच असतो.

“जावईबापू, प्लॅस्टिकचं काय ओ हे?”

“नाही मामा, खरे आहे.”

“खरं? वाटत न्हाई बघा,” असे म्हणून त्यांनी अंगठ्याचे नख पानात रुतवले, आत ओल लागते का ते पाहिले, बोट धोतराला पुसले आणि निकाल दिला, “होय की. खरं हाय.”

जावयाला सासुरवाडीच्या वडीलधाऱ्यांवर ओरडता येत नाही, ही सोय ज्याने केली त्याच्या घरी झाडे नसावीत. मी फक्त कुंडी चार बोटे पलीकडे सरकवली. मामांनी खुर्ची चार बोटे पुढे घेतली.

“निवडुंग न्हवं हे? घरात ठेवू नये ओ, भांडणं होतात.”

मी सांगितले की हा निवडुंग नव्हे. निवडुंगाचे कूळ मुळात अमेरिका खंडातले आणि हे झाड दक्षिण आफ्रिकेतले. तिथे ते खडकांच्या आणि झुडपांच्या आडोशाने, अर्धवट सावलीत वाढते, म्हणून आपल्याकडेही त्याला भरपूर उजेड लागतो, पण दुपारचे कडक ऊन सोसत नाही. त्याला नाव मिळाले ते हॉवर्थ नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञावरून, 1809 मध्ये. मामांचे लक्ष चकलीकडे होते. मग मी त्यांना समजेल असे सांगावे म्हणून बोलून गेलो की हे कोरफडीच्या कुळातले आहे, आणि उलटतपासणी सुरू झाली.

“मग कोरफड म्हणा की! कोरफड केसाला लागती, भाजलं तर लागती. हे कशाला लागतंय?”

“कशाला नाही, मामा.”

“खायाला?”

“नाही.”

“वास?”

“नाही.”

“फूल तरी येतंय काय न्हाई?”

“येते. लांब बारीक दांड्यावर, लहानसे पांढरे.”

“देवाला चालतंय?”

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचा मामांनी नकार असा अर्थ घेतला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने, भाचीला ऐकू जाईल अशा आवाजात, “काय उपेग न्हाई ग हेचा!” असे जाहीर केले. रोख झाडाकडे होता की माझ्याकडे, हे मी विचारले नाही.

त्यानंतर रात्री झाडे घरात ठेवू नयेत, ती विषारी वायू सोडतात, हा मुद्दा निघाला. या बाबतीत मात्र माझी तयारी पक्की होती. कोरड्या मुलखातल्या अशा झाडांची रीत उलटी असते: पाणी उडून जाऊ नये म्हणून ती पानांवरची छिद्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड रात्रीच आत घेऊन आम्लाच्या रूपाने साठवतात आणि दिवसा उन्हात त्यापासून आपले अन्न बनवतात. हे मी तळमळीने सांगितले. मामांनी प्रथमच मनापासून ऐकले.

“म्हणजे दिवसभर दार लावून पडायचं आणि रात्री उठून कारभार करायचा?”

“तसेच काहीसे.”

“आमच्या थोरल्यागत की ओ!”

आता खरे दुखणे. या झाडाची निगा म्हणजे बहुतांशी काही न करणे, आणि आपल्या घरांत काही न करणे ही निगा समजलीच जात नाही. नर्सरीवाल्याने झाड हातात देताना “नीरु कडिमे, साहेब”, म्हणजे पाणी कमी, एवढीच कानडी तंबी दिली होती आणि ती अगदी योग्य होती. माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी घालायचे नाही. बेळगावच्या पावसाळ्यात, जिथे दोरीवरचा टॉवेल पुढच्या आठवड्यातही गारच लागतो, तिथे कुंडीतली माती वाळायची कधी? म्हणून मी साध्या मातीत निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटांचा चुरा घातला, जुलै-ऑगस्टमध्ये तांब्याला हात लावला नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून ‘बिचारं झाड’ हे ऐकून घेतले. पाणी घालणारा मायाळू आणि न घालणारा कंजूष, असा हा न्याय आहे. मुळे कुजून झाड आडवे झाले की मायाळू माणूस म्हणतो, आमच्या हाताला झाड लागत नाही.

त्यात आणखी एक नवी रीत निघाली आहे. वास्तुशांतीला, बारशाला पाहुण्यांच्या हातात अशीच झाडे ठेवतात, तीही पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या कुंडीत, जिच्या बुडाला भोकच नसते. घातलेले पाणी जाणार कुठे? पहिला पाऊस संपायच्या आत झाड पिवळे, मऊ आणि पारदर्शक होऊन संपते, पाहुणा कुंडीत पेन ठेवतो आणि दुकानदार पुढच्या वास्तुशांतीची ऑर्डर घेतो. एक भोक पाडायला किती खर्च येतो, हे मी एका दुकानात विचारले होते. “मग टेबलावर पाणी सांडतंय की साहेब,” असे उत्तर मिळाले.

माझी कुंडी लाल मातीची, बिनझिलईची आणि खानापूरची. अशा कुंडीच्या अंगातून ओल बाहेर पडते आणि माती लवकर वाळते. मामांनी ती उचलून, बोटाच्या पेराने वाजवून पाहिली.

“ही आमच्याकडची. तरीच जगलंय झाड.”

यात अर्धे सत्य होते, ही त्या दिवसातली सर्वांत त्रासदायक गोष्ट. “पाणी कवा घालतासा?” मी सांगितले. “आषाढी एकादशी होऊन गेली ओ, अजून उपास?” असे म्हणत त्यांनी आपल्या भांड्यात उरलेले पाणी कुंडीत रिकामे केले, तेही पानांच्या बरोबर मध्यभागी, जिथे ते साचून गाभा कुजतो. मी धावत जाऊन कुंडी आडवी केली. मामांनी भाचीकडे सहानुभूतीने पाहिले.

निघताना त्यांना त्या निरुपयोगी झाडाचे पिल्लू हवे झाले. बुडाशी एक आलेले होतेच. “द्या की, मामा कधी नव्हे ते मागताहेत,” इति सौभाग्यवती. मी ते मुळांसकट सोडवले, जखम सुकेपर्यंत दोन-तीन दिवस तसेच सावलीत ठेवा, मग कोरड्या मातीत लावा, लगेच पाणी नको, असे दोनदा बजावले. मामांनी दोन्ही वेळा मान डोलावली, खिशातून रुमाल काढला, नळाखाली भिजवला आणि पिल्लू त्यात नीट गुंडाळून पिशवीत ठेवले.

रात्री फोन आला. सौभाग्यवतीने तो स्पीकरवर टाकला.

“पोचलो ओ जावईबापू. झाड लावलं बघा, परसात, पन्हळीच्या तोंडाखाली. आता काय काळजी न्हाई. तुमचंबी चार दिवस भाईर पावसात ठेवा, अंग धरंल जरा.”

“मामांना किती हौस आहे बघा,” सौभाग्यवती म्हणाली.