‘चेहऱ्यावरून कळतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि कवटीच्या, चेहऱ्याच्या खुणांवरून ओळखता येतो, असं मांडणाऱ्या इटालियन डॉक्टर लोम्ब्रोसोवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तीसेक वर्षं पोलीस खात्यात काढलेला माणूस इतक्या तळमळीने लिहितो, तेव्हा दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं दिसत नाही.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या तराजूत तोलणं अन्यायाचं आहे. गुन्ह्याऐवजी गुन्हेगाराकडे बघायला त्यानेच शिकवलं. आजचं जनुकशास्त्र वेगळं काय सांगतं? आणि नोकरीत तुम्हाला कितीदा तरी नुसत्या चेहऱ्यावरून माणूस कळला. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ते उगाच नाही. शिवाय तुम्ही माझी एक चूक दाखवलीत : गुन्हेगार जमाती कायदा (अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा) १८७१चा, लोम्ब्रोसोचं पुस्तक १८७६चं, मग तो कायदा त्याच्या विचारातून आला कसा?

ही चूक मला मान्य आहे. तो कायदा कवट्या मोजून झाला नव्हता. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, अशी इथल्या जातींबद्दल इंग्रज अधिकाऱ्यांची समजूत होती, तिच्यातून तो आला. आपल्या मुंबई इलाख्यापर्यंत तो पोचला १९११च्या सुधारित कायद्याने. लेखातलं वाक्य आज बदललं आहे. मात्र ‘हे यांच्या रक्तातच आहे’ हा निष्कर्ष दोन्हीकडे एकच निघाला. विहिरी दोन, पाट एक.

आता तराजूचं. मी त्याला त्याच्याच काळाच्या तराजूत घालते. १८८५ साली रोमला गुन्हेगारी मानवशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथेच फ्रान्सच्या लियाँ शहरातले न्यायवैद्यक लाकासान्य यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, गुन्हेगार हा जंतूसारखा आहे. वाढायला पोषक द्रव मिळेपर्यंत तो काही करू शकत नाही, आणि तो द्रव म्हणजे समाज. १८८९ला पॅरिसच्या परिषदेत वाद इतका पेटला, की शेवटी सात जणांची समिती नेमायचं ठरलं : निदान शंभर गुन्हेगार आणि शंभर प्रामाणिक माणसं घ्या, तपासा, काय तो निकाल लावा. किती साधी, किती रास्त सूचना! ती समिती कधी बसलीच नाही. १८९२च्या ब्रुसेल्स परिषदेला तर लोम्ब्रोसो आणि त्याचे इटालियन सहकारी गेलेच नाहीत. तेव्हा ‘त्या काळी कुणाला ठाऊक होतं’ हे मला पटत नाही. त्याच्या तोंडावर सांगणारे होते.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि लेखात मी त्याला पुरेशी जागा दिली नाही. लोम्ब्रोसो दुष्ट माणूस नव्हता. पेलाग्रा रोगाने मरणाऱ्या उत्तर इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांसाठी तो वर्षानुवर्षं झगडला. कारण त्याने चुकीचं शोधलं (सडका मका), पण गरिबाच्या ताटाकडे बघा हे तो जमीनदारांना ऐकवत राहिला. पुढे तो समाजवादी पक्षात गेला. प्रसंगाने गुन्हा घडलेल्या माणसाला तुरुंगात कुजवू नका, दंड करा, देखरेखीखाली सोडा, असंही त्याने सांगितलं.

पण हे कुणासाठी? त्याचे कप्पे बघा. जन्मजात गुन्हेगार (हा शब्द त्याच्या शिष्याचा, एन्रिको फेरीचा), वेडसर गुन्हेगार, भावनेच्या भरात गुन्हा करणारा आणि प्रासंगिक. सवलत शेवटच्या कप्प्याला. पहिल्या कप्प्यात पडला तो संपला : त्याला कायमचं कोंडा, आणि पुढे पुढे तर फाशीलाही त्याने मान्यता दिली. गारोफालो हा त्याचा दुसरा सहकारी तर अशांना समाजातून काढूनच टाका म्हणत होता.

मला सगळ्यात जास्त खुपतात ते हे कप्पेच. ३८३ गुन्हेगारांच्या त्याच्या पाहणीत पाच किंवा अधिक ‘खुणा’ (पुढे आलेला जबडा, बाहेर आलेले कान, लांब हात वगैरे) सापडल्या ४३ टक्क्यांत. म्हणजे निम्म्याहून जास्त गुन्हेगारांत त्या पुरेशा नव्हत्याच. दुसरा कुणी म्हणाला असता, सिद्धान्त फसला. लोम्ब्रोसोने या उरलेल्यांसाठी कप्पे वाढवले. पुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या, टीका होत गेली तसा जन्मजात गुन्हेगारांचा वाटा घटत साधारण एक तृतीयांशावर आला, आणि पुस्तक मात्र फुगत गेलं. खुणा असल्या तर जन्मजात, नसल्या तर प्रासंगिक. असा सिद्धान्त हरणार कसा?

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक कवटी आहे. जुझेप्पे विलेल्ला हा दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाचा, मोत्ता सांता लुचिया या गावचा. चोरीची शिक्षा झालेला, साठी ओलांडलेला गरीब माणूस. १८६४ साली तो उत्तरेत पाविया इथे कैदेत असतानाच मेला. लोम्ब्रोसोला त्याच्या कवटीच्या मागच्या भागात, आतून, एक लहानसा खळगा दिसला. माणसात सहसा न दिसणारा, खालच्या प्राण्यांत आढळणारा. झालं! गुन्हेगार म्हणजे आदिम काळाकडे उलटलेला माणूस, हा विचार तिथून निघाला. अंधाऱ्या मैदानावर लख्ख उजेड पडावा तसं झालं, असं लोम्ब्रोसो पुढे सांगत असे. आणि त्या सांगण्यात विलेल्ला मोठा होत गेला : नामी डाकू, खांद्यावर मेंढरू घेऊन उभे कडे चढणारा. एका खळग्याला शोभेल असं चरित्र त्याला मागाहून मिळालं.

ती कवटी आजही इटलीतल्या तुरिनच्या संग्रहालयात आहे. गावाने ती परत मागितली, दफन करायला. २०१२ साली खालच्या कोर्टाने गावाच्या बाजूने निकाल दिला, २०१७ला अपिलात तो फिरला, २०१९ला सर्वोच्च न्यायालयानेही संग्रहालयाचाच हक्क मानला. लोम्ब्रोसोचा स्वतःचा सांगाडाही तिथेच आहे. पण तो त्याने स्वतःच्या इच्छेने दिला. विलेल्लाला कुणी विचारलं नव्हतं.

आता तुमचा चेहऱ्याचा मुद्दा. तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. तुम्ही इंग्लंडमधल्या एका तुरुंग-डॉक्टरचं काम बघावं असं मला वाटतं. चार्ल्स गोरिंगने सुमारे तीन हजार कैद्यांची मापं घेऊन १९१३ साली अहवाल छापला. तुलनेला विद्यापीठातले विद्यार्थी, सैनिक, इस्पितळातले रुग्ण. गुन्हेगाराचा वेगळा शारीरिक नमुना त्याला सापडला नाही. तो म्हणाला, डोक्याच्या मापावरून एखादा विद्यार्थी इंग्लिश विद्यापीठातला की स्कॉटिश हे सांगणं एक वेळ जमेल, पण तो पुढे प्राध्यापक होणार की कैदी, हे नाही.

त्या अहवालातली एक गोष्ट तर तुमच्यासाठीच आहे. एका तुरुंगाधिकाऱ्याने कैद्यांची हाताने काढलेली चित्रं होती. गोरिंगने त्या चित्रांची एकत्रित आकृती बनवली, आणि कैद्यांच्या छायाचित्रांवरून रेषा गिरवून दुसरी. हाताने काढलेल्या चित्रांतून लोम्ब्रोसोचा गुन्हेगार दिसायला लागला. छायाचित्रांतून साधी माणसं निघाली. तो अधिकारी काही लबाड नव्हता. रोज कैद्यांमध्ये वावरणाऱ्या डोळ्याला जे दिसायची सवय झाली होती, ते हातातून उतरलं.

(गोरिंगलाही मी डोक्यावर घेत नाही. कैद्यांची बुद्धी मुळात कमी आणि ती आनुवंशिक, हे त्याने मानलंच, आणि त्यांची संतती रोखण्याच्या वाटेला तो गेला.)

जनुकांबद्दल थोडक्यातच. १९६५ साली स्कॉटलंडमधल्या एका बंदिस्त मनोरुग्णालयात जादा वाय गुणसूत्राचे (पुरुषांत ते सहसा एकच असतं) काही पुरुष सापडले आणि ‘गुन्हेगारीचं गुणसूत्र’ म्हणून गवगवा झाला. १९७६ला डेन्मार्कमध्ये तुरुंगाबाहेरच्या समाजातून अशी माणसं शोधून तपासली, तेव्हा ती जास्त हिंसक असल्याचं दिसलं नाही. ज्या एमएओए जनुकाचं (मेंदूतल्या काही रसायनांचं विघटन करणाऱ्या घटकाचं जनुक) नाव तुम्ही घेतलंत, त्यावरच्या न्यूझीलंडमधल्या २००२च्या अभ्यासात त्या जनुकामुळे हिंसक वागण्यात फरक दिसला तो बालपणी छळ झालेल्या मुलांत. म्हणजे पाय पाळण्यात बघताना पाळणा कसा हलवला गेला, तेही बघावं लागतं.

मी सोलापूरची. आमच्याकडे ‘सेटलमेंट’ हा शब्द शाळकरी पोरांनाही माहीत असतो. जिथे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली जायची, त्या वस्तीचं ते नाव. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. त्यानंतर पस्तीस वर्षांनी आमच्या वर्गात कंपास पेटी हरवली, की सेटलमेंटमधल्या एका मुलाचं दप्तर आधी उलटं व्हायचं. तोही इतका सरावलेला, की बाई काही म्हणायच्या आत स्वतःच दप्तर बाकावर रिकामं करायचा : दोन वह्या, फडक्यात बांधलेली भाकरी, पेन्सिलीचा तुकडा. मी बघत बसायचे. एकदाही काही बोलले नाही.

पेटी त्याच्याकडे कधीच सापडली नाही. तरी पुढच्या वेळी पुन्हा त्याचंच दप्तर.

म्हणून तुम्हाला एक विनंती करते. ज्यांना तुम्ही चेहऱ्यावरून ओळखलंत आणि जे खरंच गुन्हेगार निघाले, ते तुम्हाला आठवतात. ज्यांना चेहऱ्यावरून आणलंत आणि ज्यांच्याकडे काहीच सापडलं नाही, त्यांच्यापैकी कुणी आठवत असेल तर त्याच्याबद्दलही लिहा. इथेच, या लेखाखाली. मी वाट बघते.