वाढ नेमकी कशात झाली?

किरकोळ विक्रीच्या मासिक आकड्यांवरच्या एका लेखात एकूण विक्री वाढली म्हणून ग्राहक पुन्हा सढळ हाताने खर्च करू लागल्याचं म्हटलंय, पण त्याच लेखातल्या तक्त्यात वाढीचा मोठा भाग पेट्रोल पंपांचा दिसतो. इंधन महागलं की तेवढेच लिटर भरूनही विक्रीची रक्कम फुगते. याला फार तर खिशाला लागलेली कात्री म्हणता येईल. अमेरिकेचा मासिक आकडा महागाई वजा न करता येतो. ब्रिटनमध्ये विक्रीची रक्कम आणि प्रत्यक्ष किती माल विकला गेला ते प्रमाण असं दोन्ही देतात, त्यामुळे ही गफलत तिथे चटकन पकडता येते.

वाहनांचंही तसंच. थोड्या गाड्यांची विक्री एखाद्या महिन्याने पुढेमागे झाली तरी बेरीज हलते. म्हणून अनेक विश्लेषक वाहनं, इंधन, बांधकाम साहित्य आणि उपाहारगृहं वगळून उरलेलं आधी बघतात. किराणा फारसा हलत नाही. फर्निचर, फ्रिज मात्र व्याजदर चढले की लांबणीवर पडतात.

आणि ईस्टरची खरेदी? कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये. हंगामी समायोजनात, म्हणजे सण-हंगामामुळे होणारे नेहमीचे चढउतार आकड्यांतून काढताना, त्याचा हिशेब धरतात, तरी मी ते दोन महिने जोडीनंच वाचतो. शिवाय पहिला अंदाज नंतर सुधारला जातो, त्याची बातमी क्वचितच होते.