सगळं एकाच पानावर

तुमच्या कंपनीत विक्रीवाले सीआरएममध्ये (ग्राहकांच्या आणि सौद्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) लिहितात, सर्व्हिस इंजिनिअर विकीवर (सगळ्यांनी मिळून लिहायची कंपनीची पानं) लिहितात आणि कुणीच कुणाचं वाचत नाही, असं आहे ना? मग तुमचं उत्तम चाललंय. पण ते बघवत नसेल, तर या दोघांना जोडून देणारं प्लगिन, म्हणजे विकीला वरून लावायचं जोड-सॉफ्टवेअर, मिळतं. ते कसं बसवावं याचा ताजा अनुभव माझ्याकडे आहे. गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊला मला एक फोन आला, तिथपर्यंतचा. फोनचं नंतर. आधी सल्ला घ्या, फुकट आहे.

सुरुवात डेमोने करावी. डेमोतल्या सीआरएममध्ये ग्राहक मोजून सहा असतात, सगळ्यांची स्पेलिंगं बरोबर असतात. आपल्याकडे एकच गिऱ्हाईक पाच वेळा असतं: एकदा प्रा. लि., एकदा प्रायव्हेट लिमिटेड, एकदा मालकाच्या नावाने, एकदा मालकाच्या मुलाच्या नावाने आणि एकदा 'जुनं, वापरू नये' म्हणून. सगळ्या नव्या ऑर्डरी या पाचव्यात. हे डेमोत अजिबात काढू नका, पाहुण्यांसमोर घरचं कशाला? आमच्या साहेबांनी डेमो संपल्यावर एकच प्रश्न विचारला, 'डार्क मोड आहे का?' होता. टाळ्या झाल्या.

मग साहेब ते वाक्य बोलले, जे तुमचेही बोलणार आहेत. 'मला सगळं एकाच पानावर दिसलं पाहिजे.'

पैशाचं म्हणाल, तर आमच्या विकीवर माणसं 340. सीआरएममध्ये ज्यांना खरोखर काम असतं ते 14. प्लगिनचे पैसे 340 जणांचे. या धंद्यात भाव बहुतेकदा मूळ विकीवरची डोकी मोजून लागतो, वापरणारी नाही. चौदा जणांचं डोकं दुखतं म्हणून सगळ्या चाळीला गोळी.

सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीत, आधी तपासून बघू नका. उगाच चुका सापडतात.

वेगाची काळजी करू नका. विकी हा शब्द मुळात हवाई बेटांवरचा, अर्थ 'झटपट'. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 25 मार्च 1995 रोजी जगातली पहिली विकी इंटरनेटवर टाकली, तेव्हा होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून त्यांना हे नाव सुचलं होतं. आमचं ग्राहकाचं पान प्लगिन बसल्यापासून 38 सेकंदांनी उघडतं. तेवढ्यात हिंजवडीचा सिग्नल सुटतो.

दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींशी जुळवायचं काम एक्सेलवर सोपवा. सेल्सफोर्स या सीआरएमचंच उदाहरण घ्या. तिथे प्रत्येक नोंदीला 15 अक्षरी आयडी असतो आणि त्यात कॅपिटल आणि स्मॉल ही वेगळी अक्षरं धरतात. एक्सेलच्या व्हीलुकअपला, म्हणजे नोंदी शोधून जुळवणाऱ्या सूत्राला, मात्र दोन्ही सारखीच, त्यामुळे तो बिनदिक्कत एकाच्या गळ्यात दुसऱ्याची माळ घालतो. हे होऊ नये म्हणूनच 18 अक्षरी आयडीही दिलेला असतो. पण तीन अक्षरं जास्त, कोण वापरणार?

आता मुख्य विधी. प्लगिन बसवताना ते एक प्रश्न विचारतं: सीआरएममध्ये मी कुणाच्या नावाने शिरू? उत्तरं दोनच. एक, जो पान बघतोय त्याच्या स्वतःच्या लॉगिनने, म्हणजे त्याला सीआरएममध्ये जेवढं दिसायची परवानगी आहे तेवढंच पानावर दिसेल. दोन, एकच सामायिक खातं, म्हणजे त्या खात्याला जे दिसतं ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसेल. पहिल्या उत्तरात प्रत्येकाला एकदा लॉगिन करावं लागतं, आणि तिथेच बोंब, कारण बहुतेकांकडे सीआरएमचं लायसन्सच नसतं. म्हणून तुम्ही दुसरं उत्तर द्या. सगळे देतात.

खातं निवडताना, जो दोन महिन्यांत राजीनामा देणार आहे त्याचं निवडा. आम्ही तेच केलं. तो गेला, केक कापला, एचआरने संध्याकाळी त्याचं खातं बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकूण एक पानावर 401. म्हणजे सीआरएम म्हणतंय, तू कोण, मी ओळखत नाही. साहेबांना त्याच दिवशी वरच्यांना पान दाखवायचं होतं. सहा महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी जवळ बसली होती, तिला सांगितलं, 'काहीही कर, अकराच्या आत चालू कर.' तिने विचारलं, कुणाचं खातं घालू? साहेब म्हणाले, 'ॲडमिनचं घाल ना, परत परत कटकट नको.' मी तिथेच होतो, चहा पीत होतो.

ओऑथ 2.0 नावाचं जे मानक 2012 साली आलं, ते कशासाठी आलं? एका सॉफ्टवेअरला दुसऱ्यात शिरायचं असेल तर पासवर्ड न देता, ठरावीक कामापुरती, ठरावीक मुदतीची परवानगी देता यावी म्हणून. त्यासाठी पडद्यावर चौकटी येतात, यातलं काय काय बघू देऊ? जगभरच्या शहाण्या माणसांनी डोकी लावून ती सोय केली आणि आपण काय करतो? सगळ्या चौकटींवर टिक. वाचायचंसुद्धा नाही. दूधवाल्याला दाराची किल्ली द्यायची गरज पडली, म्हणून त्याच जुडग्यात कपाटाची आणि लॉकरचीही. वर दूधवाल्याला सांगायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडत जा.

कारण येणारे-जाणारे होतेच. आम्ही फौंड्रीला लागणारी यंत्रं विकतो. यंत्र बसवलं की त्याची टिपणं, ड्रॉइंगं, कुठला सुटा भाग कधी बदलला हे सगळं ग्राहकाला दिसावं म्हणून आम्ही त्याला विकीवर गेस्ट म्हणून त्याच्या पानापुरतं घेतो. चांगली पद्धत आहे, चार वर्षं चालली. मग कुणीतरी हौसेने पानाच्या साच्यातच सीआरएमचा तक्ता टाकला: 'या भागातले सौदे'. रकाने चार. ग्राहक, रक्कम, सवलत, शेरा.

गुरुवारी रात्री साडेनऊला कोल्हापूरहून फोन. शिरोली एमआयडीसीतले फौंड्रीवाले, आमच्याशी नऊ वर्षांचा व्यवहार. आवाज अगदी शांत. 'काय साहेब, आम्हाला 9 टक्के आणि शेजारच्याला 22 होय?' मी म्हटलं, कसले टक्के? 'थांबा, वाचून दाखवतो. आमच्याबद्दल पण लिवलंय की. घासाघीस फार, दोन चहा पाजले की सही करतो.' मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. 'दोन चहात गप बसतोय व्हय मी?'

तो शेरा मी लिहिला होता, 2021 मध्ये. त्या दिवशी त्यांनी मला घरी जेवायला नेलं होतं.

रात्रीच लॉग काढले, म्हणजे प्लगिनने काय मागितलं आणि सीआरएमने काय उत्तर दिलं त्याच्या नोंदी. 401 नाही. ओळखतो पण परवानगी नाही, असं सांगणारा 403 नाही. ओळीने 200, 200, 200. सगळं ठीक. प्लगिन बंद पडलं तेव्हा अर्ध्या तासात सगळ्या कंपनीला कळलं होतं. ते नको तितकं चालत होतं, हे तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण चालणाऱ्या गोष्टीबद्दल कोण तक्रार करतो? प्लगिन विकणाऱ्या वेंडरकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. दोन दिवसांनी उत्तर: 'प्रॉडक्ट अपेक्षेप्रमाणे काम करत आहे.' तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यांचं खरं होतं. त्यांच्या मॅन्युअलमध्ये पिवळ्या चौकोनात लिहिलेलं आहे की सामायिक खातं घातलंत तर त्या खात्याला दिसणारं सगळ्यांना दिसेल. आमच्यापैकी कुणी वाचलं होतं?

शुक्रवारी बैठक. सल्ला क्रमांक आठवत नाही इतकावा: चूक सापडली की सर्वांत लहान वयाचा माणूस शोधा. साहेबांनी त्या मुलीला उभं केलं. 'एवढं कळायला नको का?'

बास झालं. मला आता उपरोध वगैरे जमत नाही.

साहेब, तुम्हाला कळलं होतं का हो? ॲडमिनचं खातं घाल म्हणून तुम्ही सांगितलंत. प्लगिनच्या खरेदी ऑर्डरवर सही तुमची. साच्यात तक्ता आला तेव्हा 'वा, मस्त' म्हणून अंगठा तुम्ही दाखवलात. आणि तिने निदान विचारलं तरी, कुणाचं खातं घालू! त्या अख्ख्या खोलीत तो प्रश्न विचारणारी ती एकटी होती, आणि आम्ही पंधरा-पंधरा वर्षं अनुभव असलेले लोक बिस्किटं बुडवत बसलो होतो. पान एकच हवं म्हणता, मग ते कुणापुढे वाढलंय हे बघायला काय वाढपी ठेवायचा? सीआरएममध्ये नुसते आकडे नसतात. माणसांची नावं असतात, मोबाइल नंबर असतात, त्यांच्याविषयी पाठीमागे लिहिलेलं असतं. देशात 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे, माहितीची नीट राखण केली नाही तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि तुम्ही विचारता, डार्क मोड आहे का!

बैठकीत मी हे बोललो का? नाही. खाली वहीत बघत होतो. म्हणून इथे लिहितोय, लाज वाटते म्हणून.

ती मुलगी दुपारी एकटीच बसून एकेका ग्राहकाच्या पानावरून तो तक्ता काढत होती. 61 पानं. साच्यातून काढला तरी आधी तयार झालेल्या पानांवरून जात नाही, तो हातानेच काढावा लागतो. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून शेवटची वीस पानं घेतली.

सोमवारी सकाळी शिरोलीला जातोय. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. तो शेरा मी सीआरएममधून पुसला, पण आतल्या विकीवर अजून दिसतोय. कॅशे आहे म्हणे, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी प्रत, 24 तास थांबा.