कॅम्पर घेताय? शेवटचे पैसे पावसाळा बघून द्या

"नवीन गाडी आहे मॅडम, किरकोळ कामं निघायचीच."

हे मला आमचा कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, बांधून देणाऱ्या बिल्डरने ऐकवलं, त्याच्या सुपरवायझरने ऐकवलं आणि सख्ख्या भावानेही ऐकवलं. भावाला माफ केलं, कारण त्याने माझ्याकडून पैसे घेतलेले नव्हते. छतातून पलंगाखाली पाणी येणं किरकोळ नसतं. सिलिंडरच्या कपाटाला खाली भोक ठेवायला विसरणं तर अजिबातच नाही. गेले काही महिने इनबॉक्समध्ये "ताई, कॅम्पर घेऊ का" असं विचारणाऱ्यांची रांग लागली आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

("मालवणात घर असताना गाडीत कशाला झोपायचं?" हा प्रश्न सासूबाईंनी विचारून झालाय. कॉमेंटमध्ये पुन्हा नको.)

आधी हे समजून घ्या की आपल्याकडे कॅम्पर म्हणजे एक वस्तू नसते. खालची गाडी एका मोठ्या कंपनीची, वरचं घर दुसऱ्याच कुणी वर्कशॉपमध्ये बांधलेलं, फ्रिज तिसऱ्याचा, एसी चौथ्याचा, बॅटरी-इन्व्हर्टर पाचव्याचा. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी आणि प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. आमच्या गाडीत डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागायचा. गाडीच्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, बिल्डरने अल्टरनेटरच्या (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करतो तो) वायरीला जोड मारलाय, आता इलेक्ट्रिकलची वॉरंटी विसरा. बिल्डर म्हणाला, मूळ गाडीतच दोष आहे. दोघांनीही हे लेखी द्यायला नकार दिला. आणि दोघांचंही शेवटचं वाक्य एकच, "सरांना फोन द्या ना जरा." गाडी माझ्या नावावर आहे, कर्ज माझ्या पगारातून जातं, सर शेजारी बसून शेंगदाणे खात होते.

आता कामाचा दर्जा. ही वर्कशॉपं बहुतेक फर्निचर करणाऱ्या सुतारांच्या हातावर चालतात. माणसं कुशल असतात, त्यांना मी दोष देत नाही. पण त्यांना मॉड्युलर किचन करायला सांगितलं जातं, गाडी करायला नाही. कपाटांच्या दारांना लोहचुंबकाचे कॅच लावले. फ्लॅटमध्ये ते दहा वर्षं टिकतील. फोंडा घाटाच्या वळणांवर मात्र स्टीलचे डबे, तांदूळ, कोकमाची बाटली, सगळं एकेक करून खाली. बेसिनखालचा पाईप कडक पीव्हीसीचा, सोल्युशन लावून चिकटवलेला. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे, त्यावरचे डायव्हर्जन ज्याने खाल्लेत त्याला विचारा तसला सांधा किती दिवस टिकतो. तिथे लवचीक नळी आणि क्लिप हवी. ही खरोखर किरकोळ कामं आहेत, आम्ही घरी केली, त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

तक्रार पाण्याची आहे.

पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे तीन हजारांच्या आसपास, आणि तो सरळ वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. घाटापलीकडे कोरड्या शेडमध्ये बांधलेलं छत तिथल्या पावसात कदाचित निभावून जाईल. इथे मिरगाच्या पहिल्या जोराच्या सरीतच पलंगाखालची चटई भिजली. खिडकी कोरडी, छताला आतून डाग नाही, आणि पलंगाखाली पाणी. बिल्डरने व्हिडिओ कॉलवर निदान केलं, "मॅडम, खिडकी उघडी राहिली असेल." मग माणूस पाठवला. त्याने छतावरच्या एसीच्या चारही बाजूंनी सिलिकॉनची अख्खी ट्यूब फासली आणि गेला. पुढच्या पावसात पाणी दुसऱ्या बाजूने आलं.

शेवटी सर्जेकोट बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एका मेस्त्रींना गाडी दाखवली. त्यांचं पहिलं वाक्य मी लिहून ठेवलंय. "वहिनीनू, पाणी दिसता थंयसर भोक नसता." त्यांनी पाण्याचा पाईप मागितलाच नाही. गाडीची सगळी दारं-खिडक्या बंद करून, भोकं चिकटपट्टीने बुजवून आत ब्लोअरने हवा भरली आणि बाहेरून ब्रशने साबणाचं पाणी मारलं. जिथे बुडबुडे आले तिथे खडूने खूण. एसीच्या खाचेत बुडबुडे, मागच्या शिडीच्या बोल्टांना बुडबुडे, आणि पुढच्या बाजूला छताच्या दोन पत्र्यांच्या जोडावर तर ओळच्या ओळ. तो जोड उलटा घेतलेला. कौलं चढवताना वरचं कौल खालच्या कौलावर येतं एवढं शाळकरी पोरालाही कळतं. इथे मागच्या पत्र्याची कड पुढच्यावर चढवून उघडी कड वाऱ्याच्या तोंडाला ठेवली होती. गाडी ऐंशीच्या वेगाने पावसातून गेली की पाणी त्या फटीत दाबून शिरणारच. तिथून ते इन्सुलेशनमधून ओघळत भिंतीत उतरायचं आणि पलंगाखाली निघायचं.

मग भिंतीचं पॅनेल उघडलं. आत प्लायवूड इतकं मऊ की दाभण मुठीपर्यंत गेला. आमच्या कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, "मरीन ग्रेड प्लाय". मरीन प्लायवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असतो. आमच्या प्लायच्या मागे शिक्का होता आयएस ३०३, एमआर. हे घरातल्या कोरड्या कपाटांचं प्लाय. दमट हवा सोसतं, भिजणं नाही. स्क्रू साध्या लोखंडाचे, वर झिंकचं पाणी दिलेले. किनाऱ्यावर एका पावसात त्यांची डोकी गेली. आमच्या बंदरातल्या दुकानात पोरंसुद्धा "तीनशे सोळा द्या" म्हणून मागतात, कारण खाऱ्या हवेत ३०४ स्टेनलेसलाही डाग पडतात आणि ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते जास्त तग धरतं. किलोमागे फरक पडतो, मान्य. पण लाखांच्या गाडीत स्क्रूचा खर्च तो कितीसा?

त्या सिलिकॉनबद्दलही सांगते, कारण प्रत्येक बिल्डरचं ते रामबाण औषध आहे. सिलिकॉन बाथरूमसाठी ठीक. गाडीचा पत्रा तापतो, निवतो, हलतो, आणि सिलिकॉन कडेने सुटत जातं. त्याहून वाईट म्हणजे त्याचा अंश राहिला की त्यावर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा. छताच्या सांध्याला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, आणि बोल्ट-फ्रेमच्या खाली ब्युटाईल पट्टी. मेस्त्रींचा अर्धा वेळ ब्लेडने जुनं सिलिकॉन खरवडण्यातच गेला. तेव्हा त्यांनी बिल्डरला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येत नाहीत.

पाण्यामागोमाग त्यांनी वायर बघितली आणि गप्प झाले. एक हजार वॉटचा इन्व्हर्टर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो तेव्हा हिशेबाने ८३ अँपियर करंट लागतो, इन्व्हर्टरमधला तोटा धरला तर नव्वदच्या वर. त्याला लावली होती घरच्या गिझरला लावतात तसली चार चौरस मिलिमीटरची वायर. मिक्सर चालवला की वायर हाताला गरम लागायची ती उगाच नाही. बॅटरीजवळ फ्यूज नाही. ट्रॉलरची वायरिंग करणाऱ्या मुलाने ३५ चौरसची वायर टाकली आणि बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज बसवला. आणि गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक लागतं आणि गॅसचा सेन्सर जमिनीलगत. आमच्या कपाटाचा तळ बंद होता आणि सेन्सर छताला, दिव्याशेजारी, छान दिसतो म्हणून. आम्ही त्या गाडीत मुलांना घेऊन झोपलोय.

आता वॉरंटी कार्ड वाचा. गाडी वर्कशॉपला आणावी लागेल, येण्याजाण्याचा खर्च ग्राहकाचा, बाहेरच्या माणसाने हात लावल्यास वॉरंटी रद्द. म्हणजे पाऊस सुरू असताना गळकी गाडी घेऊन मी घाट चढायचा. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता, तेव्हा फोंड्याने वळसा घालून. तिथे गाडी आठवडाभर उभी, परत येताना दुसरं काहीतरी सुटलेलं. आणि एक हिशेब कुणी सांगत नाही. दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर डिलिव्हरी घेतली की पुढचा जूनपर्यंतचा काळ कोरडा जातो. वॉरंटी एक वर्षाची. गळती कळेपर्यंत निम्म्याहून जास्त वर्ष संपलेलं असतं, उरलेलं "माणूस पाठवतो" मध्ये जातं. म्हणून मी म्हणते, मुहूर्त श्रावणातला काढा. ते जमत नसेल तर दहा टक्के रक्कम पहिला पाऊस होईपर्यंत हातात ठेवायची अट करारात घाला. बिल्डर नाही म्हणतील. स्वतःच्या छतावर ज्याचा एका पावसापुरताही भरवसा नाही, त्याच्याकडून गाडी घ्यायची का ते तुम्ही ठरवा.

कागदांवर थोडं बोलते. आरसीवर गाडीचा वर्ग मोटार कॅरॅव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असा आहे का बघा. मोटार कॅरॅव्हॅनच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. प्रवासी व्हॅन आतून बदलून तशीच चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, आणि अपघातानंतर विमा कंपनी तेच कलम पुढे करते. गाडी ताब्यात घेण्याआधी पाण्याची टाकी भरून, माणसं बसवून वजनकाट्यावर न्या. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, आणि टाकी मागच्या चाकांच्याही मागे असेल तर ते सगळं वजन मागच्या एक्सलवर. पुढची-मागची चाकं वेगवेगळी तोला आणि आरसीवरच्या आकड्याशी ताडून बघा.

दुरुस्ती बाहेर करण्याआधी आम्ही वकिलांच्या सल्ल्याने बिल्डरला रजिस्टर पोस्टाने दोष कळवले, मुदत दिली, ती उलटल्यावरच पॅनेल उघडलं. उघडताना सलग व्हिडिओ, परवानाधारक सर्व्हेयरचा लेखी अहवाल, शिक्क्यासकट प्लायचा तुकडा पिशवीत जपून. व्हॉट्सअॅपवरच्या "सॉरी मॅडम, बघतो" ला हलकं समजू नका, तो पुरावा आहे, चॅट डिलीट करू नका. बिलाच्या खाली "न्यायक्षेत्र फक्त अमुक शहर" असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आम्हाला सिंधुदुर्गाच्या मुख्यालयी, ओरोसला. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगच, आणि वीस ते पन्नास लाखांच्या व्यवहाराला फी फक्त एक हजार रुपये. मुदत दोन वर्षांची. सुरुवातीला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. होमस्टेवाल्यांनी मात्र सावध राहा. गाडी धंद्यासाठी घेतली असं दिसलं तर समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो की तुम्ही ग्राहकच नाही. स्वतः राबून पोट भरण्यापुरता व्यवसाय असेल तर कायद्यात सूट आहे, पण ते तुम्हाला दाखवून द्यावं लागतं.

राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. कॅरॅव्हॅन पार्क हवेतच, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत बंदराबंदरांत फायबर, मरीन प्लाय आणि बारा-चोवीस व्होल्टची वायरिंग कोळून प्यायलेली माणसं बसली आहेत. त्यांच्यातल्या चार जणांना अधिकृत दुरुस्तीवाले म्हणून बिल्डरांनी नेमलं तर माझ्यासारख्यांचे घाट वाचतील आणि त्यांना पावसाळ्यात, होड्या शाकारलेल्या असताना, काम मिळेल. हे मी आमच्या बिल्डरला मेलवरही लिहिलं होतं. उत्तर आलं, "आपल्या सूचनेबद्दल आभार."

गाडी आता गळत नाही. गेला पावसाळा बाहेर उघड्यावर काढला तिने. दुरुस्तीचा खर्च, सर्व्हेयरची फी आणि प्लायमधला फरक यांची नोटीस गेलेली आहे, उत्तराची मुदत अजून संपायची आहे. म्हणून नाव विचारू नका आणि अंदाजाने कुणाला टॅगही करू नका, माझ्या केसला त्रास होईल. प्लायच्या शिक्क्याचा आणि बुडबुड्यांचा फोटो पहिल्या कॉमेंटमध्ये टाकलाय. मेस्त्रींचा नंबर त्यांना विचारून इनबॉक्समध्ये देईन, पण नारळी पौर्णिमेनंतर त्यांना फोन करू नका, तेव्हा होड्यांची गडबड असते.