तिकीट काढण्याआधी

गेल्या महिन्यात रात्री पावणेदोनला एका अनोळखी मुलीचा मेसेज आला. राहते जर्मनीत, नवरा जर्मन, मुलगा लहान. "ताई, बॅग भरून ठेवलीये. तो शुक्रवारी कामासाठी बाहेरगावी जातोय. बाळाला घेऊन भारतात निघून जाऊ का?" मी उठून बसले आणि तिला सरळ फोन लावला. दीड तास बोललो. तिची ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही, पण तिला जे सांगितलं ते लिहून ठेवते. सहा वर्षांपूर्वी माझीही बॅग अशीच पलंगाखाली भरलेली होती.

माझं लग्न आठ वर्षं टिकलं. तो वाईट माणूस नव्हता आणि आजही नाही. मारहाण नाही, दारू नाही, बाहेर कुणी नव्हतं. आम्ही हळूहळू एकमेकांशी बोलेनासे झालो, एवढंच. परक्या भाषेत भांडताना माझे अर्धे शब्द घशातच राहायचे, आणि तो वाट बघून उठून जायचा. शेवटी शेवटी मी मनातल्या मनात मराठीत भांडायचे आणि त्याच्यासमोर गप्प बसायचे. संसार मोडायला हे पुरतं. पण हे घरी समजावून सांगता येत नाही. आई फोनवर एकच म्हणायची, "तू आधी निघून ये. पोरीला घे नि ये. बाकीचं मागाहून बघू."

माया होती ती, दुसरं काही नाही. पण माझं ठाम मत आहे, आणि ते आता कुणी बदलू शकणार नाही: परदेशात संसार मोडत असताना माहेरचं प्रेम जो पहिला सल्ला देतं, तोच सगळ्यात महागात पडतो.

मूल असेल तर का, ते आधी सांगते. जर्मनीत लग्नाच्या जोडप्याकडे मुलाचा ताबा दोघांचा असतो, आणि घटस्फोटानंतरही तो आपोआप दोघांचाच राहतो. दुसऱ्या पालकाची संमती नसताना मुलाला कायमचं देशाबाहेर नेणं हा तिथे फौजदारी गुन्हा ठरू शकतो. आपल्या नातेवाइकांना कुणीतरी सांगितलेलं असतं की एका पालकाने परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याबद्दलच्या १९८०च्या हेग कराराची बांधिलकी भारताने घेतलेली नाही, म्हणजे एकदा इकडे आलं की कुणी काही करू शकत नाही. पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. मागे राहिलेला पालक भारतातल्या उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करा अशी, याचिका करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये अशा एका प्रकरणात मुलाला अमेरिकेत परत नेण्याचा आदेश दिला, तर २०१७मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात मुलीला आईजवळ राहू दिलं. प्रत्येक वेळी मुलाचं हित बघून ठरतं, म्हणजे आधी काहीच ठरलेलं नसतं. आणि त्या काळात तुम्ही जर्मनीत परत पाऊल ठेवायचं तर अटकेची धास्ती घेऊन. माझी लेक तेव्हा पाच वर्षांची होती. तिचा बाबा तिला रोज रात्री वाचून दाखवायचा. त्याच्या पाठीमागे मी तिला उचलून नेलं असतं, तर ती मोठी झाल्यावर तिला काय सांगणार होते?

मी गेले नाही. आईला म्हणाले, "मी येत नाही, तू ये." नव्वद दिवसांच्या व्हिसावर ती आली.

आता त्या एका वर्षाबद्दल. जर्मन कायद्यात घटस्फोटाआधी साधारणपणे एक वर्ष वेगळं राहावं लागतं, त्याला ट्रेनुंग्सयार म्हणतात. दोघांचीही तयारी असेल तर वर्षाने काम होतं. एकाचा विरोध असेल तर तंटा लांबतो, पण तीन वर्षं विभक्त राहिल्यावर लग्न मोडलं आहे असं कायदाच धरून चालतो. हे वर्ष एकाच घरात राहूनही भरतं. अट अशी की झोपणं, स्वयंपाक, कपडे धुणं, पैसे सगळं वेगळं हवं. मी कामाच्या खोलीत गाद्या टाकल्या. आई आली तेव्हा आम्ही दोघी तिथेच झोपायचो. सकाळी स्वयंपाकघरात आई आणि तो समोरासमोर यायचे. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तो तिच्यासाठी खुर्ची ओढून द्यायचा, ती त्याच्याकडे न बघता बसायची. तिसऱ्या आठवड्यात एकदा तिने त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं आणि नंतर माझ्याजवळ बसून रडली. "एवढा साधा माणूस आहे गं," म्हणाली. मी म्हटलं, "हो आई. तरीसुद्धा."

सुरुवातीला ते वर्ष मला अपमान वाटायचा. आपलं लग्न मोडलं आहे हे सरकारला वर्षभर सिद्ध करून दाखवायचं! आज मात्र त्याच्याबद्दल कृतज्ञता आहे. त्या वर्षात मी भाषेची वरची परीक्षा दिली, अर्धवेळची नोकरी पूर्णवेळ केली, स्वतःच्या नावावर खातं उघडलं. बॅग उचलून गेले असते तर यातलं काहीच झालं नसतं.

विभक्त झाल्याची तारीख मात्र जपून लिहा. घाईत काही जणी दोन-तीन महिने मागची तारीख लिहून सही करतात, घटस्फोट लवकर मिळेल म्हणून. तुमचा राहण्याचा परवाना नवऱ्यावर अवलंबून असेल तर ही तारीख फार मोलाची आहे. स्वतंत्र परवाना मिळण्यासाठी जर्मनीत किमान तीन वर्षं एकत्र संसार झालेला असावा लागतो, आणि ती मोजणी विभक्त होण्याच्या दिवशी थांबते, घटस्फोटाच्या दिवशी नाही. खोटी तारीख मी कुणालाच सुचवणार नाही, पुढचीही नाही आणि मागचीही नाही. पण सही करण्याआधी त्या तारखेचा अर्थ माहीत असू दे. घरात हिंसाचार असेल तर तीन वर्षांची अट सोडता येते, आणि तिथे वाटही बघायची नाही. ११६०१६ या नंबरवर दिवसरात्र, फुकट, अनेक भाषांत मदत मिळते. वर जे "निघू नका" म्हणाले ते देश सोडण्याबद्दल. मार खात त्या घरात राहा असं मी कुणालाही म्हणत नाही.

मग वकील. इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. "आपलं भांडण नाही, मग दोन वकील कशाला, एकच पुरे" हे वाक्य मी कितीतरी जणींकडून ऐकलंय. बोलणारा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. पण जर्मनीत दोघांचा मिळून एक वकील नसतोच. वकील एकाच बाजूचा असतो. अर्ज करणाऱ्याला तो लागतो, आणि समोरच्याने फक्त होकार द्यायचा असेल तर त्याला वकिलाशिवायही चालतं. म्हणजे "आपला वकील" हा खरं तर त्याचा वकील असतो आणि तुम्ही वकिलाशिवाय उभ्या असता, तेही परक्या भाषेत. पैसे नाहीत ही अडचण खरी, पण त्यावर उपाय आहे. बहुतेक राज्यांत स्थानिक न्यायालयातून सल्ल्याची चिठ्ठी मिळते. ती घेऊन गेलं की वकील जास्तीत जास्त १५ युरो घेऊन सल्ला देतो. पुढे खटल्याच्या खर्चासाठीही मदत मागता येते. मी एका वकीलबाईंकडे चाळीस मिनिटं बसले होते. त्यातल्या पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी मला फक्त पाणी दिलं.

पेन्शनचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. लग्नाच्या काळात दोघांनी जमवलेले पेन्शनचे हक्क न्यायालय निम्मे निम्मे वाटून देतं. लग्न तीन वर्षांपेक्षा कमी टिकलं असेल तर मात्र ते मागावं लागतं. आपल्या मुली इथे ताठ मानेने म्हणतात, "मला त्याचं काही नको." अगं, ते त्याचं नाहीच! तू मूल सांभाळलंस म्हणून तो आठ-आठ तास कामावर जाऊ शकला. त्या वर्षांच्या पेन्शनमध्ये तुझे कष्ट आहेत. ते सोडून देण्यात कसला स्वाभिमान? आज तिशीत हे कळत नाही, सत्तरीत कळेल. आरोग्य विम्याचंही बघून ठेवा. नवऱ्याच्या विम्यात कुटुंब म्हणून असाल तर घटस्फोट कायम झाला की ते छत्र संपतं.

न्यायालयातला दिवस फार छोटा होता. सुनावणी पाव तासही चालली नाही. न्यायाधीशांनी आधी त्याला विचारलं, मग मला: तुमचं लग्न मोडलं आहे असं तुम्ही मानता का? मला जर्मन नीट येत होतं, तरी मी दुभाषी मागितला होता, कारण त्या उत्तरात चूक चालणार नव्हती. प्रश्न मला दोनदा ऐकावा लागला, एकदा त्यांच्या तोंडून आणि एकदा हिंदीत. "हो" एकदाच म्हणायचं होतं. त्याने मान खाली घातली होती. बाहेर आल्यावर त्याने माझा कोट धरला, जसा आठ वर्षं धरायचा, आणि मी हात घातले.

निकालाची प्रत मिळाली म्हणजे संपलं असं नाही. अपिलाची मुदत उलटून तो कायम झाल्याचा शिक्का त्यावर हवा, तो मागून घ्या. भारतात लग्न नोंदवलेलं असेल तर आणखी एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या निकालानुसार परदेशी घटस्फोट भारतात आपोआप मान्य होत नाही. ढोबळ मानाने, समोरच्याने त्याला संमती दिलेली असावी, किंवा स्वतःहून हजर राहून बाजू मांडलेली असावी आणि घटस्फोटाचं कारण आपल्या विवाह कायद्यात बसणारं असावं. म्हणून नवऱ्याने अर्ज केला आणि नोटीस आली, तर ती कपाटात ठेवून देऊ नका. "मी गेलेच नाही तर घटस्फोट होणार कसा" असं काही जणींना वाटतं. तो होतो. मग जर्मनीत तुम्ही घटस्फोटित आणि भारतात विवाहित, अशी अधांतरी अवस्था वर्षानुवर्षं राहू शकते. हजर राहा, आणि संमती असेल तर ती कागदावर नोंदवून घ्या. उलटंही खरं आहे: भारतात घेतलेला घटस्फोट जर्मनीत सहसा वेगळा अर्ज करून मान्य करून घ्यावा लागतो.

हे सगळं जर्मनीचं झालं. देश बदलला की नियम बदलतात. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२पासून कुणावरही दोष न ठेवता घटस्फोट मागता येतो आणि त्याला किमान २६ आठवडे लागतात. सिंगापूरमध्ये लग्नाला तीन वर्षं होईपर्यंत सहसा अर्जच करता येत नाही. म्हणून मैत्रिणीचं कसं झालं हे ऐका, पण ती कुठल्या देशात राहत होती हे आधी विचारा. आणि तुम्ही देश सोडून गेलात, की कुठल्या न्यायालयात आणि कुठल्या कायद्याने हेही काही महिन्यांत बदलू शकतं. नवऱ्याच्या घरातून बाहेर पडणं आणि त्या देशातून बाहेर पडणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. एका रात्रीत दोन्ही घेऊ नका.

त्या मुलीने शुक्रवारचं तिकीट काढलं नाही. परवा तिचा मेसेज आला, वकिलाची वेळ मिळालीये, मंगळवारी सकाळी नऊ. तिच्यासोबत मी जाणार आहे. त्या दिवशी लेकीला शाळेत सोडायला तिचा बाबा येणार आहे.